चुकीचा सूर लागू शकेल असं वाद्य

बीबीसीने १९७९ साली ‘लाइफ ऑन अर्थ’ ही तेरा भागांची निसर्गमालिका दाखवली, तेव्हा डेव्हिड अ‍ॅटनबरो घराघरांत पोचले. मालिकेचं संगीत एडवर्ड विल्यम्स या इंग्रज संगीतकाराचं होतं, हे मात्र फार थोड्यांच्या लक्षात राहिलं. पुढे साठी उलटून गेल्यावर, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, हे विल्यम्स ब्रिस्टलमध्ये एका वेगळ्याच खटपटीला लागले. तयार संगीतावर नर्तकाने पावलं टाकायची, ही रीत त्यांना उलटी करायची होती. नर्तक हलेल तसं संगीत उमटलं पाहिजे, असा त्यांचा ध्यास होता.

युक्ती त्यांनी वटवाघळाकडून घेतली. माणसाच्या कानाला न कळणारा अतिउच्च ध्वनी सोडायचा, तो समोरच्या शरीरावर आपटून परत यायला किती वेळ लागतो हे मोजायचं आणि त्यावरून अंतर ठरवायचं. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४३ मीटर जातो. म्हणजे तीन मीटरवर उभ्या असलेल्या माणसाचा पत्ता सतरा-अठरा मिलिसेकंदांत लागतो. मोजलेलं अंतर स्वरांत बदललं की समोरची मोकळी हवाच वाद्य होते. हात पुढे नेला की एक स्वर, मागे घेतला की दुसरा. या यंत्राचं नाव ‘साउंडबीम’.

नृत्याच्या रंगमंचापेक्षा ते विशेष शाळांमध्ये जास्त रुजलं. गादीवर आडवं झोपलेलं मूल, जे स्वतःहून फक्त मान थोडीशी वळवू शकतं, त्याच्या कानाजवळ हा संवेदक लावला की मान वळताच घंटा वाजते किंवा व्हायोलिनचा लांब सूर लागतो. आपण काही केलं आणि जगात काही घडलं, हा अनुभव ज्या मुलाला दिवसभरात क्वचित मिळतो, त्याच्यासाठी ही गोष्ट किती मोठी! फिल एलिस या ब्रिटिश संशोधकांनी १९९० च्या दशकात अशा मुलांच्या सत्रांच्या चित्रफिती महिनोन्‌महिने जमवल्या आणि बारकाईने पाहिल्या. आधी हालचाल आपोआप होते आणि आवाज योगायोगाने निघतो. मग मूल थबकतं, ऐकतं. मग तीच हालचाल मुद्दाम करतं. योगायोगाकडून इराद्याकडे जाण्याचा हा प्रवास त्यांनी टिपला.

पण इथेच एक प्रश्न उभा राहतो, आणि अपंग व्यक्तींसाठीच्या डिजिटल वाद्यांचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास या प्रश्नाभोवती फिरतो. साउंडबीममध्ये आधीच एखादा गोड स्वरसमूह भरून ठेवता येतो. मग मूल कसंही हललं तरी निघेल ते कानाला बरंच लागतं. पहिल्या दिवशी हे वरदान असतं. दोनशेव्या दिवशी? ज्या वाद्यावर बेसूर होताच येत नाही, त्यावर सुरेल होण्याला काय अर्थ उरतो? तंबोऱ्यासमोर वर्षानुवर्षं बसणाऱ्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. रियाज म्हणजे चूक ऐकणं आणि ती पुन्हा न होऊ देणं. चुकायला जागाच नसेल तर रियाज कशाचा करायचा?

हा प्रश्न नीट कळायला थोडं मागे जावं लागतं.

शरीराने साथ सोडली म्हणून संगीत सोडलं नाही, अशी माणसं डिजिटल युगाच्या कितीतरी आधी होऊन गेली. पियानोवादक पाउल विट्गेनश्टाइन यांचा उजवा हात पहिल्या महायुद्धात गेला. ते एका अतिश्रीमंत पोलाद-उद्योगपतीचे चिरंजीव होते, म्हणून फक्त डाव्या हाताने वाजवता येतील अशा रचना त्यांना नामवंतांकडून लिहून घेता आल्या. राव्हेल यांची अशी रचना १९३२ च्या जानेवारीत व्हिएन्नात पहिल्यांदा वाजली. जँगो रेनहार्टचा डावा हात आगीत भाजला, तर त्याने धड राहिलेल्या दोन बोटांवर गिटारची नवी शैली उभारली. आपल्याकडे कुरुंदवाडच्या एका मुलाचे डोळे फटाक्याने अधू झाले आणि तो मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणं शिकायला गेला. तेच विष्णु दिगंबर पलुस्कर. दृष्टी गेली तर गळा आणि कान आहेत, ही वाट आपल्या समाजाला जुन्या काळापासून ठाऊक होती. बोटंच चालत नसतील, तर मात्र सतार, तबला, पेटी, सगळ्यांची दारं बंद. या सगळ्या गोष्टींत बदललं ते शरीर, नाहीतर रचना. वाद्य होतं तसंच राहिलं.

वाद्याला बदलायला लावणारी एक बाई होती. क्लारा रॉकमोर १९११ साली विल्नियसमध्ये जन्मल्या आणि जेमतेम पाच वर्षांच्या असताना पेट्रोग्राडच्या संगीतशाळेत व्हायोलिन शिकू लागल्या. पुढे अमेरिकेत आल्यावर त्यांचा हात दुखू लागला. लहानपणच्या उपासमारीने हाडं कमकुवत झाली होती. ऐन उमेदीत व्हायोलिन सुटलं. तेव्हा लेव्ह तेर्मेन या रशियन अभियंत्याचं नवं वाद्य, थेरेमिन, न्यूयॉर्कमध्ये गाजत होतं. त्याला हात लावायचाच नसतो. उजव्या बाजूच्या उभ्या दांडीजवळ हात नेला की स्वर चढतो, डाव्या बाजूच्या कडीजवळ नेला की आवाज कमी होतो. गजाचं वजन पेलायला नको आणि तारेवर बोट दाबायला नको. दुखऱ्या हाताला हवं होतं ते हेच.

मात्र हे वाद्य सोपं मुळीच नव्हतं. पडदे नाहीत, पट्ट्या नाहीत. श्वास घेताना खांदा हलला तरी सूर ढळतो. रॉकमोर यांनी हवेत बोटं उघडण्या-मिटण्याची स्वतःची पद्धत बसवली. आणि तेर्मेन यांच्याकडे मागण्या केल्या: पट्टा तीन सप्तकांवरून पाचांवर न्या, डाव्या हाताचा प्रतिसाद एवढा तत्पर करा की तुटक स्वर वाजवता येतील. तेर्मेन यांनी त्यांच्यासाठी तसं वाद्य घडवलं. १९३४ साली न्यूयॉर्कच्या टाउन हॉलमध्ये त्यांनी कार्यक्रम केला तो या वाद्यावर. पुढच्या सगळ्या इतिहासाचा धडा इथे आधीच गिरवलेला दिसतो. शरीराला झेपेल असं वाद्य हवं, पण त्यात कस लागला पाहिजे, आणि वाजवणाऱ्याने कारागिराला सुनावलं पाहिजे.

दुर्दैवाने पुढची पन्नास वर्षं हा धडा पडून राहिला.

खरा बदल १९८३ साली झाला. त्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या अनाहाइमच्या वाद्यमेळाव्यात दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे सिंथेसायझर, एक अमेरिकन आणि एक जपानी, एका वायरीने जोडले गेले. एकावर पट्टी दाबली आणि दुसरा वाजला. या सामायिक भाषेचं नाव मिडी. तिच्यात आवाज नसतो, फक्त निरोप असतो: अमुक स्वर सुरू, एवढ्या जोराने, आता बंद. निरोप कोणी पाठवला याच्याशी वाजणाऱ्या यंत्राला देणंघेणं नाही. बोटाने पाठवला, कोपराने, पापणीने की फुंकरीने, त्याला सगळं सारखंच. हजारो वर्षं आवाज आणि तो काढण्याचे कष्ट एकमेकांना जखडलेले होते. बासरीला फुंक लागते, मृदंगाला थाप, सतारीच्या तारेला बोट कापेल इतका ताण. ती गाठ इथे सुटली.

त्याच १९८३ साली ब्रिटनमध्ये दुसरी एक गाठ सुटत होती. माइक ऑलिव्हर हे समाजशास्त्रज्ञ तरुणपणी पोहताना झालेल्या अपघातापासून चाकाच्या खुर्चीत होते. ब्रिटनमधल्या अपंग कार्यकर्त्यांनी १९७० च्या दशकात मांडलेल्या विचाराला त्यांनी ‘सामाजिक प्रारूप’ असं नाव दिलं. या विचाराप्रमाणे माणसाला अडवतो तो जिना. पायांना दोष देण्याचं कारण नाही. दोन्ही घटनांचा परस्परांशी संबंध नव्हता. पण मिडीमुळे जे शक्य झालं ते मागण्याची भाषा या विचाराने दिली. पियानो वाजवता येत नाही, यात दोष हाताचा की अठ्ठ्याऐंशी पट्ट्यांच्या त्या एकाच साच्याचा, असं आता विचारता येऊ लागलं.

अडेल ड्रेक यांनी १९८८ साली ब्रिटनमध्ये सुरू केलेला प्रकल्प या दोन्ही प्रवाहांच्या संगमावर उभा आहे. आज तो ‘ड्रेक म्युझिक’ म्हणून ओळखला जातो. ज्यांचं शरीर जवळजवळ हलत नाही अशांनी स्वतः संगीत रचावं, एवढाच हेतू. यॉर्क विद्यापीठातल्या अभियंत्यांचीही या कामी मोठी मदत झाली. तिथे टिम अँडरसन यांनी ‘ई-स्केप’ नावाची संगणकप्रणाली लिहिली. पडद्यावर पर्याय एकामागून एक उजळत जातात: स्वर, लांबी, वाद्य. हवा तो उजळला की माणसाने आपलं एकमेव बटण दाबायचं. ते बटण डोक्याशी असेल, गुडघ्याशी असेल किंवा पायाच्या अंगठ्याशी.

एका बटणाने अख्खी रचना होऊ शकते. पण एका स्वरासाठी कधी अर्धं मिनिट जातं. हे संगीत लिहिणं झालं. चार जणांबरोबर बसून समेवर येणं यातून साधत नाही. पेटीवाल्याने सूर धरला, तबलजीने ठेका टाकला आणि आपला पर्याय अजून उजळतोच आहे, अशा वेळी माणूस पुन्हा एकटाच पडतो. म्हणून पुढची धडपड वेळेशी होती. शरीराचा कोणता भाग आपल्या इच्छेने, तत्काळ आणि अचूक हलतो, याचा शोध सुरू झाला.

सगळ्यात विश्वासाचा निघाला श्वास.

क्लॅरेन्स अडू हे ट्रम्पेटवादक. इंग्लंडच्या नॉर्दर्न सिनफोनिया वाद्यवृंदात ते वाजवायचे. १९९५ साली मोटार अपघातात त्यांच्या मानेला इजा झाली आणि मानेखालचं शरीर निकामी झालं. ट्रम्पेटला लागतात ओठ, श्वास आणि तीन कळांवर तीन बोटं. बोटं आता चालत नव्हती, वाद्य धरायला हात नव्हते. श्वासाचा मुख्य स्नायू म्हणजे छातीच्या तळाचा पडदा. त्याला हुकूम देणारी नस मानेच्या वरच्या भागातून निघते, म्हणून मानेची इजा थोडी खाली असली तर माणूस स्वतःच्या बळावर श्वास घेऊ शकतो. अडू यांच्याकडे डोकं होतं, श्वास होता आणि मोठ्या वाद्यवृंदात घडलेला कान होता.

रॉल्फ गेलहार यांनी त्यांच्यासाठी वाद्य बनवलं. गेलहार मूळचे जर्मन वंशाचे, अमेरिकेत वाढलेले संगीतकार. तरुणपणी त्यांनी कार्लहाइन्त्स श्टॉकहाउझन यांचे सहायक म्हणून काम केलं होतं. विल्यम्स यांच्याही आधी, १९८५ साली, त्यांनी ध्वनिलहरींनी अंतर मोजून अख्खी खोली वाजती करणारं ‘साउंड=स्पेस’ उभारलं होतं आणि अपंग लोकांबरोबर त्या खोलीत कार्यशाळा घेतल्या होत्या. अडू यांच्यासाठीच्या वाद्याचं नाव ‘हेडस्पेस’. डोकं किंचित वळवलं की संगणकाच्या पडद्यावरचा बाण सरकतो, तोंडाजवळच्या नळीत फुंकर मारली की तिथला स्वर वाजतो.

वर्णन ऐकायला साधं, पण वाजवणाऱ्याला विचारावं! कळांवर बोटं ठेवलेली असतात तेव्हा पुढच्या स्वराची तयारी हात आपोआप करतो. इथे प्रत्येक स्वरासाठी डोक्याने नेमका प्रवास करायचा, नेमक्या जागी थांबायचं आणि ठोक्यावर फुंकायचं. बाण एक बोटभर पुढे गेला की चुकीचा सूर. व्यावसायिक वादकाला आयुष्याच्या मध्यावर पुन्हा नवशिका व्हावं लागलं, आणि हे वाद्य शिकवणारा गुरू जगात कुठेच नव्हता, कारण ते वाजवणारा हा पहिलाच माणूस. तरीही अडू त्यावर वाजवत राहिले, जुन्या सहकाऱ्यांबरोबर पुन्हा मंचावर बसले. साउंडबीमसमोरच्या मुलाला जो पुढचा टप्पा मिळत नव्हता तो हाच. इथे चूक होऊ शकत होती, म्हणून प्रगतीही होऊ शकत होती.

श्वासाचा दुसरा धागा हॉलंडमधला आहे. रॉटरडॅममध्ये ‘माय ब्रेथ माय म्युझिक’ या संस्थेत श्वसनोपचारतज्ज्ञ रूड फान डर वेल स्नायूंच्या आजारांची मुलं पाहत. या मुलांना रोज फुंकण्याचे व्यायाम करायला लागायचे, आणि व्यायामाचा कंटाळा कोणाला येत नाही? फुंकरीतून सूर निघाला तर? ‘मॅजिक फ्लूट’ नावाची त्यांची इलेक्ट्रॉनिक बासरी स्टँडवर बसवलेली असते. तोंडाने तिचं टोक किंचित वर केलं की स्वर चढतो, खाली केलं की उतरतो, आणि फुंकर जोरात तर आवाज मोठा. हात कुठेच लागत नाही. श्वासाच्या बळावर आवाज फुलवता येतो, मालवता येतो, म्हणून ती जिवंत वाटते. बटण दाबल्यावर येणाऱ्या सपाट सुरात ही गंमत नसते.

आपल्या संगीताच्या कानाने ऐकलं तर मात्र एक मोठी उणीव जाणवते. मिडी जन्मली कीबोर्डच्या पोटी. तिला स्वर म्हणजे पायऱ्या वाटतात. दोन स्वरांमधून घसरत जाणारी मींड, एका स्वराभोवती हेलकावणारं आंदोलन तिला सहजी कळत नाही. सूर ओढण्याची सोय आहे, पण ती वेगळ्या चाकावर असते आणि ते चाक फिरवायला दुसरा हात लागतो. ज्याचं एकच बोट चालतं त्याने काय करायचं? या क्षेत्रातली बहुतेक वाद्यं युरोप-अमेरिकेत घडली, पाश्चात्त्य स्वरपट्टी मनात धरून घडली. तिथल्या वादकाला ही अडचण वाटत नाही. सारंगी ऐकत वाढलेल्या मुलाला वाटेल.

श्वासानंतर नजर. मोटार न्यूरॉन आजारात किंवा अपघातानंतर कधीकधी डोळ्यांखेरीज काहीच हलत नाही. ग्रीक संगीतकार आणि संशोधक झकारियास वाम्वाकुसिस यांनी एका संगीतकार मित्राच्या मोटरसायकल अपघातानंतर बार्सेलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठात ‘आयहार्प’वर काम सुरू केलं. पडद्यावर एक गोल, त्याच्या परिघावर स्वर. ज्याच्याकडे पाहाल तो वाजेल. एका पातळीवर साथीचा ताल आणि सुरावट बांधायची, दुसरीवर राग आळवावा तशी नजरेने चाल वाजवायची.

अडचण अशी की डोळे पाहण्यासाठी असतात. मिडास राजाने हात लावला की सगळ्याचं सोनं व्हायचं. इथे नजर पडेल ते वाजतं. पुढचा स्वर कुठे आहे हे शोधायला गेलं तर शोधतानाच तो वाजून जातो. सगळ्या नजर-यंत्रांना ही खोड आहे, आणि पडद्याची मांडणी करणाऱ्याचं निम्मं कौशल्य ती टाळण्यात जातं. यावर वाजवणाऱ्याचा उपाय मात्र जुनाच: जागा पाठ करायच्या, म्हणजे शोधावं लागत नाही. बासरीवाल्याची बोटं न पाहता भोकांवर पडतात, तशी नजर न शोधता स्वरावर पडली पाहिजे. त्याला महिने लागतात.

अमेरिकन संगीतकार पॉलिन ऑलिव्हेरॉस यांना चूक-बरोबरचा हा हिशेबच फारसा मान्य नसावा, असं त्यांच्या कामाकडे पाहून वाटतं. सखोल ऐकणं हे त्यांच्या आयुष्याचं सूत्र होतं. न्यूयॉर्क राज्यातल्या पोकीप्सी गावातल्या एका शाळेत लीफ मिलर या व्यवसायोपचारतज्ज्ञ अपंग मुलांबरोबर ढोल वाजवत. ज्या मुलांचे हात ढोलापर्यंत पोचतच नव्हते त्यांचं काय, या मिलर यांच्या चिंतेतून २००७ च्या सुमारास ऑलिव्हेरॉस यांच्या पुढाकाराने ‘ऑमी’ ही प्रणाली निघाली. संगणकाचा साधा कॅमेरा चेहऱ्यावरचा एक बिंदू, समजा नाकाचा शेंडा, धरून ठेवतो. तो पडद्यावरच्या रेषेवरून गेला की आवाज होतो. वेगळं यंत्र घ्यायला नको, आणि प्रणाली फुकट. महागड्या यंत्रांच्या या क्षेत्रात दोघींची ही देणगी फार मोलाची आहे. ऑलिव्हेरॉस २०१६ साली वारल्या, ऑमी अजून वापरात आहे. सगळ्यांनी मिळून उत्स्फूर्त वाजवायचं असेल तर चुकीचा सूर असा काही नसतोच, एकमेकांना ऐकलं की झालं, ही भूमिका ढोलाच्या त्या वर्तुळात पूर्णपणे पटते. तरी त्या वर्तुळातल्याच एखाद्या मुलीला उद्या एखादी ठरावीक चाल जशीच्या तशी वाजवायची असेल, तर नाकाच्या शेंड्याने ते फार कठीण आहे. दोन्ही वाटा हव्यात. आजवर पहिलीचीच सोय जास्त झाली आहे.

डिजिटल वाद्यांनी एकाला दार उघडलं तसं दुसऱ्याला लावूनही घेतलं, हे विसरून चालणार नाही. जुना पियानो अंध वादकाला सहज वापरता यायचा. हात फिरवला की सगळं सापडे. सिंथेसायझर आले आणि त्यांच्याबरोबर छोटे पडदे आणि त्यांवरच्या पर्यायांच्या लांबलचक याद्या. सूर उत्तम, पण तो निवडायला डोळे हवेत. अंध गायक-वादक स्टीव्ही वंडर १९७६ पासून संशोधक रे कर्झवाइल यांना ओळखत होते, कारण छापील मजकूर मोठ्याने वाचणारं कर्झवाइल यांचं यंत्र त्यांनी घेतलं होतं. १९८२ साली दोघांच्या गप्पांत खऱ्या वाद्यांसारखा आवाज देणारा कीबोर्ड हवा असं निघालं, आणि १९८४ मध्ये कर्झवाइल यांचा के-२५० बाजारात आला. तो अपंगांसाठीचं वाद्य म्हणून कोणी पाहत नाही, पण त्याच्या जन्मकथेत एका अंध वादकाची मागणी आहे. पडदे बोलके व्हायला मात्र त्यानंतर पंचवीस-तीस वर्षं जावी लागली.

लंडनच्या पॅरालिम्पिकच्या समारोपात, ९ सप्टेंबर २०१२ रोजी, कोल्डप्ले या बँडबरोबर एक वाद्यवृंद वाजला: ब्रिटिश पॅराऑर्केस्ट्रा. चार्ल्स हेझलवुड या संगीतसंचालकांनी तो २०११ मध्ये उभा केला होता; त्यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी आहे. या वृंदात अडू आणि त्यांचं हेडस्पेस होतं, तसेच उत्तर प्रदेशात जन्मलेले, तान्हेपणीच दृष्टी गेलेले सतारवादक बलुजी श्रीवास्तवही होते. त्यांची सतार जशी असते तशीच. एकाला नवं वाद्य लागलं, एकाला नाही, आणि दोघे एकाच रांगेत. आजारी माणसांना बरं वाटावं म्हणून वाजवून घेतलेलं संगीत आणि वादकांनी वाजवलेलं संगीत, यांतला फरक त्या रात्री कोट्यवधी लोकांनी ऐकला.

त्यानंतरच्या दशकात कारागिराला सुनावणारे वादक वाढले. सेरेब्रल पाल्सी असलेले क्रिस हॅल्पिन यांना गिटार आणि पियानो वाजवणं हळूहळू जड होऊ लागलं, तेव्हा त्यांनी गायिका-संगीतकार इमोजेन हीप यांच्या चमूने बनवलेले संवेदकांचे हातमोजे उचलले. मूठ वळणं, मनगट फिरवणं यांतून ते सूर काढतात. जॉन केली यांना गिटारच हवी होती, तारा छेडण्याचा अनुभव हवा होता, पण डाव्या हाताने कॉर्ड दाबणं शक्य नव्हतं. ड्रेक म्युझिकबरोबर घडलेल्या त्यांच्या गिटारीला त्यांचंच नाव आहे, ‘केलीकास्टर’. तारा छेडायच्या स्वतः. कोणता कॉर्ड लागेल ते दुसऱ्या साधनावर निवडायचं. ब्रिस्टलमध्येच घडलेलं ‘क्लॅरियन’ डोळ्यांनी, डोक्याने किंवा बोटाने वाजतं आणि ते घेऊन अपंग तरुण वाद्यवृंदात बसतात. आणि ब्रिटनमध्ये २०११ साली स्थापन झालेला ‘ओमी’ न्यास (वरच्या ऑमीशी त्याचा काही संबंध नाही) एका हाताने वाजणाऱ्या वाद्यांसाठी स्पर्धा घेतो. तिची अट कडक आहे: मूळ वाद्यावर जे वाजतं ते सगळं वाजलं पाहिजे. ही अट ज्यांना निर्दय वाटते त्यांनी नेब्रास्कातले सॅक्सोफोनचे प्राध्यापक डेव्हिड नॅब यांच्याकडे पाहावं. २००० साली पक्षाघाताने त्यांचा डावा हात गेला. मग एका वाद्यकारागिराबरोबर बसून त्यांनी फक्त उजव्या हाताने वाजणारा सॅक्सोफोन घडवून घेतला, त्यात सूर सगळे आहेत. त्यात डिजिटल काहीच नाही. आहेत त्या कळा आणि तरफा.

या इतिहासाची काळी बाजूही सांगायला हवी. स्टॉकहोमच्या संशोधक एमा फ्रिड यांनी २०१९ मध्ये या वाद्यांवरचे शोधनिबंध चाळले तेव्हा त्यांना ८३ वाद्यं सापडली. एवढी वाद्यं, पण त्यांतली किती वाद्यं दुकानात मिळतात? बरीचशी एका माणसासाठी किंवा एका प्रबंधासाठी घडली. प्रबंध संपला, निधी संपला, संगणकाची प्रणाली बदलली, जुनी वायर नव्या खोबणीत बसेना. मिरजेत शंभर वर्षांपूर्वीचा तंबोरा आजही जवारी करून वाजता होतो. पंचवीस वर्षांपूर्वीचं डिजिटल वाद्य सुरू करायला तेव्हाचा संगणक शोधत फिरावं लागतं. ज्याने त्यावर दहा वर्षं रियाज केला त्याची विद्याच त्या दिवशी बंद पडते. सशक्त वादकाच्या वाट्याला हे सहसा येत नाही.

जपानमधल्या एका पियानोची हकिगत मात्र थोडी वेगळी आहे. एका विशेष शाळेतली मुलगी, हातांवर सेरेब्रल पाल्सीचा परिणाम झालेली, शोपँच्या एका नॉक्टर्नची चाल एका बोटाने वाजवण्याचा सराव करत होती. तिच्या या चिकाटीतून २०१५ मध्ये टोकियो कलाविद्यापीठ आणि यामाहा यांनी ‘दारेदेमो पियानो’ घडवला. दारेदेमो म्हणजे कोणीही. स्वतः वाजू शकणाऱ्या खऱ्या पियानोला संगणक जोडलेला असतो. मुलगी एका बोटाने चाल वाजवते, डाव्या हाताची साथ आणि पेडल पियानो सांभाळतो. साथ तिच्या मागे चालते. ती रेंगाळली तर साथ रेंगाळते, चुकून थांबली तर पट्ट्या थांबून राहतात, जसा जाणता तबलजी गाणाऱ्याकडे पाहत थांबतो. चालीतला चुकीचा स्वर मात्र कोणी दुरुस्त करत नाही. तो चुकीचाच ऐकू येतो.

डिसेंबर २०२३ मध्ये टोकियोच्या सनटोरी हॉलमध्ये तीन अपंग पियानोवादकांनी या पियानोवर बेथोव्हनची नववी सिंफनी वाजवली, योकोहामा सिनफोनिएटा या वाद्यवृंदाबरोबर. सरावाला पियानो थांबून राहतो. वाद्यवृंद थांबत नाही; संचालकाची काठी खाली आली की त्या क्षणी बोट पट्टीवर असावं लागतं.